सालगडी मामा गेले. त्यांनी शिकवलेल्या पेरणीचे आणि त्यांच्या नावाचे आता काय करावे?

कोरडवाहू (प्रश्न, १९ सप्टेंबर)

मंगळवेढा तालुक्यात आमची चौदा एकर जमीन आहे. त्यातली अकरा एकर भारी काळी आणि उरलेली मुरमाड. माझे शिक्षण वसतिगृहात राहून झाले आणि पुढे नोकरीही पुण्यात केली, त्यामुळे २०१६ साली गावी परतलो तेव्हा रान माझे असले तरी रानातले मला काहीही येत नव्हते. ज्यांनी मला ते शिकवले ते आमच्या घरी एकतीस पाडवे सालाने राहिलेले गडी होते. गेल्या आठवड्यात ते झोपेतच गेले. उद्या त्यांचा दहावा आहे.

माझे वडील त्यांना नावाने आणि अरेतुरे करून हाक मारत, जरी ते वडिलांपेक्षा सात वर्षांनी मोठे होते. लहानपणी आम्ही मुलेही तसेच करत असू आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नसे. गावी परतल्यावर पहिल्या पेरणीच्या वेळी मी त्यांना ‘मामा, तुम्ही’ म्हणालो, तेव्हा ते इतके अवघडले की दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. नंतर सवय झाली. मला मात्र ते शेवटपर्यंत ‘मालक’च म्हणत राहिले, आणि सर्वांत कडक बोलणीही त्याच हाकेने सुरू होत असत : “मालक, मूठ आवळू नका. दाणं काय पळून चाललंय व्हय?”

ही मूठ म्हणजे चाड्यावरची मूठ. ज्यांनी बैलाने होणारी पेरणी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तिफणीवर (आमच्याकडे तिला कुरी म्हणतात) लाकडी वाटीसारखे चाडे असते, त्याला तीन भोके असतात आणि प्रत्येक भोकाखालून एकेक नळा थेट फणापर्यंत गेलेला असतो. मागून चालणारा माणूस मुठीतले बी अंगठ्याने आणि तर्जनीने सोडत राहतो, आणि ते तिन्ही भोकांत सारखे पडले पाहिजे. ज्वारीला एकरी चार किलो बी लागते. म्हणजे चार किलो दाणे एक एकरभर पुरवायचे, कोठे दाट नाही, कोठे विरळ नाही, आणि बैल मात्र आपल्या चालीने चालत राहणार. पहिली दोन वर्षे माझ्या तासांत (म्हणजे पेरलेल्या ओळींत) कोठे झुबके उगवत तर कोठे हातभर जागा मोकळी राहत असे. मामांनी मला बी सोडायला शिकवण्याआधी ऐकायला शिकवले. ते डोळे मिटून कुरीमागे चालायला लावत. नळा मोकळा असेल तर दाणे खाली जाताना बारीक सळसळ होते. फणाच्या तोंडाशी ओली माती बसली की तीच सळसळ बसक्या आवाजाची होते, आणि तेवढ्यावरून बैल थांबवायचे, कारण नाहीतर तिसरे तास शंभर पावले रिकामे जाते आणि ते कळते आठ दिवसांनी, उगवण झाल्यावर.

पेरणीची वेळही ते तारखेवरून ठरवत नसत. पाऊस पडून गेल्यावर टाचेने माती उकरायची, हात घालायचा आणि वरची ओल खालच्या ओलीला मिळाली आहे का ते पाहायचे. मध्ये कोरड्या मातीचा पापुद्रा लागला तर कितीही घाई असली तरी कुरी जुंपायची नाही. एकदा मी ऐकले नाही आणि दोन एकरांवर दुबार पेरणी केली. त्यावर ते एका शब्दानेही काही बोलले नाहीत.

आता अडचण सांगतो. ते गेल्याचे कळल्यावर आमच्या घरातले पहिले वाक्य होते, “बिचारा गेला, आता पेरणीला माणूस बघायला हवा.” यात कोणाचा दुष्टपणा नाही, हे मला समजते. पण मला दोन दिवस घास गिळता आला नाही, आणि पत्नीने विचारले की तुम्ही सुतक धरणार आहात का, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. मी भावकीतला नाही, त्यांच्या जातीचा नाही, आणि ज्या घराने त्यांना एकतीस वर्षे राबवले त्या घराचा मी मुलगा आहे. मला दुःख करण्याचा अधिकार कितपत आहे?

श्रद्धांजलीच्या फलकासाठी त्यांचा फोटो शोधला. घरात एकच निघाला, बेंदराचा. त्यात रंगवलेली शिंगे, झूल आणि गोंडे स्पष्ट आहेत आणि कासरा धरून उभे असलेले मामा शिंगाआड अर्धे झाकले गेले आहेत. मग कागदपत्रे चाळली. सातबाऱ्यावर त्यांचे नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. पीक पाहणीत नाही, सोसायटीत नाही, बियाण्याच्या पावतीवर नाही. ते सापडले फक्त वडिलांच्या वहीत, ‘उचल’ (आगाऊ घेतलेले पैसे) या मथळ्याखाली, आणि तेथेही नुसते पहिले नाव.

हस्त नक्षत्र आठ दिवसांवर आले आहे. चुलतभाऊ म्हणतो की या वर्षी ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने मोकळे व्हा. मी एकट्याने मूठ कधी धरलेली नाही. ते नेहमी बांधावर असत. उद्या दहाव्याला मी काय करावे, पेरणी कशी करावी, आणि ज्या माणसाच्या हातावर हे रान उभे राहिले त्याचे नाव कोठे तरी राहावे यासाठी काय करता येईल, याविषयी जाणत्यांनी सांगावे.

---

भीमाकाठ (१९ सप्टेंबर)

माझे वय अडुसष्ट आहे आणि आमच्याही घरी सालगडी होते, म्हणून थोडे परखड लिहितो. राग मानू नये.

सुतक रक्ताचे असते. तुम्हाला ते नाही आणि ते धरून त्यांच्या घरच्यांना कोड्यात टाकू नका. उद्या दहाव्याला लवकर जा, मागे उभे राहू नका, आणि कावळा शिवायला उशीर झाला तर पुढे होऊन ‘तुमच्या पेरणीची काळजी करू नका’ असे म्हणायची संधी कोणी देईल म्हणून वाट पाहू नका. ते त्यांच्या मुलांनी म्हणायचे असते. तुम्ही लाकूडफाटा आणि जेवणाचा खर्च विचारा, आणि विचाराल तो मोठ्या मुलाला बाजूला घेऊन विचारा.

त्यानंतर पहिले काम त्या वहीचे. साल पाडव्याला ठरते आणि पाडव्याला फिटते. ठरलेले पैसे, धान्य, कपड्यांचा जोड, पायताण, पूर्वी घोंगडीही. मध्ये अडीनडीला घेतलेली उचल पुढच्या सालात वळती होते, आणि अशा रीतीने माणूस एका घरी तीस वर्षे राहतो. त्याला तुम्ही निष्ठा म्हणाल. पुष्कळदा ती उचल असते. तुमच्या वहीत शेवटी किती आकडा आहे ते तुम्ही लिहिलेले नाही, पण जो असेल तो त्यांच्या घरच्यांसमोर रेघ मारून संपवा आणि पाडव्यापर्यंतच्या उरलेल्या सहा महिन्यांचे पैसे व धान्य पूर्ण द्या. ते उपकार म्हणून नव्हे, ठरलेल्या सालाचे म्हणून द्या. गड्याच्या मरणानंतर उचल मुलाच्या नावावर चढवल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, आणि त्यातले एक आमच्याच वाड्यातले आहे.

दुःख करण्याचा अधिकार विचारलात. तो हिशेब पूर्ण झाल्यावर विचारा. कदाचित विचारावाही लागणार नाही.

---

निवृत्त कृषी सहायक (२० सप्टेंबर)

मामा ज्याला ओलीला ओल मिळणे म्हणत, त्यावर रब्बी ज्वारीचे सारे गणित उभे आहे. हे पीक पावसावर नव्हे, तर पावसाने जमिनीत साठवून ठेवलेल्या पाण्यावर येते. सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले, आणि तेथून तसेच राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडून ज्या शिफारशी आल्या त्यांतल्या बहुतेक याच एका गोष्टीभोवती फिरतात. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा पेरणीचा काळ आम्ही गावोगाव सांगत फिरलो. पण तो महिनाभराचा काळ आहे, आणि त्यातला नेमका दिवस कोणता हे पत्रकात नसते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका शेतकऱ्याला तारीख दाखवून पेरायला लावले. त्याच्या गड्याने बांधावरून, कोणाकडेही न बघता, “मधी कोरडं हाय” एवढेच म्हटले. उगवण निम्मीच झाली. पुढे त्या गावी गेलो की मी आधी त्या गड्याला शोधत असे, पण अहवालात मात्र दरवेळी शेतकऱ्याचेच नाव लिहिले. रकाना तेवढाच होता.

पेरणीविषयी माझे मत असे. भारी रानात पेरणीयंत्र चालते, अंतर नीट धरते, आणि त्यात कमीपणा काही नाही; फक्त वाफसा पुरता आल्याशिवाय, म्हणजे भिजलेली माती कामाजोगी मोकळी झाल्याशिवाय, ट्रॅक्टर घालू नका, कारण चाकाखाली दबलेल्या ओल्या काळीत पुढे भेगा लवकर पडतात. मुरमाड तीन एकरांत बैलाची कुरी वापरा. तेथे लवकर येणारे वाण घ्या, फुले अनुराधा किंवा फुले माऊली. भारी रानात मालदांडी किंवा फुले वसुधा चालेल. बियाण्याला किलोला चार ग्रॅम गंधक चोळा, म्हणजे काणी रोग येणार नाही. दोन ओळींतले अंतर दीड फूट ठेवा.

खरी परीक्षा मात्र पेरणीनंतर आहे आणि तिच्याविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही. ती म्हणजे कोळपणी, पिकाच्या ओळींमधली माती कोळप्याने हलवणे. तिसऱ्या आठवड्यात फटीचे कोळपे, पाचव्यात पासेचे, आठव्यात दातेरी. लोक समजतात की कोळपणी तणासाठी असते. आठव्या आठवड्यात तण फारसे नसतेच. ते दातेरी कोळपे भेगा बुजवण्यासाठी फिरवायचे असते, कारण काळ्या रानातली एकेक भेग म्हणजे खालची ओल उडून जाण्याचा रस्ता. मामा ही तिसरी कोळपणी करत होते का, आणि करत असतील तर तुम्ही त्या वेळी कोठे होता, हे आठवून पाहा. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पीक पोटरीत आल्यावर शेजारच्या रानाची पाने दुपारी सुरळी होतात आणि आपली होत नाहीत, एवढाच त्याचा पुरावा.

त्यांना जे येत होते ते लिहून काढा. शोकलेख नको, रानाची वही करा. कोणत्या पट्टीत कोणत्या वर्षी कधी पेरले, किती बोटांवर ओल होती, काय उगवले.

---

मोघणारीची लेक (२० सप्टेंबर)

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. त्यात तुमचे वडील आहेत, पत्नी आहे, चुलतभाऊ आहे, बैल आहेत. मामींचा उल्लेख एकदाही नाही.

माझी आई तीस वर्षे मोघणीला जात होती, म्हणून सांगते. कुरीला मागे दोरीने मोघा बांधलेला असतो. बांबूची नळी, वर पसरट तोंड. ज्वारीची इतकी तासे झाली की करडईचे एक तास यावे म्हणून एक बाई तो मोघा धरून कुरीमागे चालते आणि त्यात बी सोडत जाते. ओटीत बी, एका हातात मोघा, दुसऱ्या हाताची बोटे चालू, आणि पाय ढेकळांत. चाड्यावर मूठ धरणाऱ्याचे नाव निदान गावात निघते. मोघणारीचे निघत नाही, तिला फक्त ‘बाई सांगितली का?’ असे म्हणतात. तुमच्या रानात करडईचे पाटे असतील तर ते कोणी मोघले, आणि गेल्या वर्षीचे बी कणसे निवडून, झोडून, कडुलिंबाचा पाला घालून कोणी ठेवले, हे घरी जाऊन विचारा. मला उत्तर ठाऊक आहे असे वाटते. सालाने एक गडी ठरतो आणि त्याच्यासोबत घरातली बाई बिनबोलीची येते. शेणगोठा, खुडणी, निवडणे, सारे त्यातच.

आता कामाचे. ‘नाव कोठे तरी राहावे’ म्हणता, तर आधी मामींचे नाव जेथे लागले पाहिजे तेथे लावून द्या. वर्षाला ६,००० रुपयांची पीएम किसान त्यांना मिळणार नाही, कारण ती जमीनधारकांसाठी आहे. शेतकऱ्यांच्या अपघात विम्याच्या जागी आलेली गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची सानुग्रह योजना खातेदार आणि त्याच्या कुटुंबासाठी आहे, सालगड्यासाठी नाही. उद्या तुमच्या रानात कुरीमागे चालताना कोणाला साप चावला तर तुमच्या घरी मदत येईल, त्याच्या घरी येणार नाही. २०११ च्या जनगणनेत देशात ११.८८ कोटी शेतकरी मोजले गेले आणि १४.४३ कोटी शेतमजूर. तरीही ‘शेतकरी’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर सातबारा असलेलाच येतो.

मामींसाठी संजय गांधी निराधार योजना आहे, आणि त्या पासष्टच्या पुढे असतील तर श्रावणबाळ योजना. अर्ज तहसीलकडे जातो. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, आधार, बँकेचे पासबुक, एवढे तरी लागेलच. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत झाली तर पुढचे हेलपाटे वाचतात. तुमचे नऊ-दहा दिवस गेलेच आहेत. दाखल्यावर मामांचे नाव आधारकार्डावर आहे तसेच, वडिलांच्या नावासह आणि आडनावासह लिहिले आहे ना ते स्वतः वाचून पाहा. ‘उचल’च्या वहीतले अर्धे नाव तेथे चालणार नाही.

---

आठफणी (२१ सप्टेंबर)

मी भाड्याने पेरणीयंत्र चालवतो, तेव्हा माझे म्हणणे त्या मानाने घ्यावे. माझे वडील सालगडी होते. कुरीमागे दिवसभर चालून त्यांचे गुडघे पन्नाशीत गेले. बैलाच्या पेरणीविषयी ज्यांना हळहळ वाटते ते बहुधा बांधावर उभे राहिलेले असतात. प्रश्न विचारणाऱ्यांनी स्वतः मूठ धरली आहे, म्हणून त्यांना हे लागू नाही, पण यंत्र आणले तर मामांचा अपमान होईल असे कृपया समजू नये. बी सारखे पडते आहे का हे यंत्राच्या नळीलाही कान लावून बघावेच लागते. मी बघतो.

---

चोखोबाच्या गावचा (२१ सप्टेंबर)

सर्वांनी कामाचे लिहिले आहे, त्यात माझी थोडी भर. संत चोखामेळा मंगळवेढ्यातच १३३८ साली गावकुसाच्या भिंतीचे काम करत असताना भिंत कोसळून गेले. त्यांच्याबरोबर आणखी मजूर दगडामातीखाली गाडले गेले. नामदेव महाराज येथे आले आणि परंपरा सांगते की ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून त्यांनी ओळखली, पंढरपूरला नेली, आणि महाद्वारापाशी समाधी बांधली. नामदेव हे त्यांचे गुरू, जातीने शिंपी. ना भावकी, ना जात. ‘अधिकार कितपत’ हा प्रश्न आपल्या तालुक्यात कोणी विचारावा याचे म्हणूनच थोडे आश्चर्य वाटले.

त्या भिंतीखाली गेलेल्या बाकीच्यांची नावे मात्र कोणाला माहीत नाहीत. लहानपणापासून मी हा प्रसंग कीर्तनात ऐकत आलो आहे, आणि ती माणसे कोण होती असे एकाही बुवांनी विचारलेले मला आठवत नाही.

---

कोरडवाहू (१४ ऑक्टोबर)

उशिरा लिहितो आहे, कारण पेरणी चालू होती.

दहाव्याला गेलो. भीमाकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे वही सोबत नेली आणि विधी आटोपल्यावर मामांच्या दोन्ही मुलांसमोर, माझ्या वडिलांच्या हातून, शेवटच्या पानावरच्या १८,००० रुपयांवर रेघ मारली. वडील आधी तयार नव्हते. रात्रभर आमचे बोलणे बंद होते, आणि ते कसे तयार झाले हे मलाही नीट कळलेले नाही. रेघ मारताना त्यांनी धाकट्याला विचारले की तुझ्या वडिलांचे पूर्ण नाव काय. एकतीस वर्षांत त्यांना ते माहीत नव्हते. मग त्यांनी ते त्याच पानावर स्वतः लिहिले. पाडव्यापर्यंतचे पैसे पोहोचवले आहेत, ज्वारीची पोती काढणीनंतर द्यायची आहेत. मृत्यूची नोंद मुदतीत झाली. निराधार योजनेचा अर्ज भरला आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मात्र दोनदा परत पाठवले.

मोघणारीची लेक यांचे उत्तर वाचून मला फार वेळ काही सुचले नाही. मी मामींकडे गेलो आणि करडईविषयी विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. आत जाऊन जुन्या लुगड्याचे गाठोडे आणून पुढे ठेवले. त्यात मालदांडीचे निवडलेले बी होते, आमच्याच रानातले, आणि वेगळ्या पुरचुंडीत करडई. दर वर्षी सुगीत त्या आमच्यासाठी बी काढून ठेवत, आणि मामा ते पेरणीच्या सकाळी ‘घरचं हाय’ म्हणून आणत. मी समजत होतो की घरचे म्हणजे आमच्या घरचे.

हस्ताचा पाऊस दोन रात्री झाला. भारी रान यंत्राने पेरले, आणि आठफणी यांच्या सांगण्याप्रमाणे नळीला कानही लावला. एकदा खरोखर तुंबली होती. मुरमाड तीन एकरांसाठी शेजाऱ्यांचे बैल मागून आणले. सकाळी टाचेने उकरले तेव्हा पाच बोटांवर ओल लागली, पण खाली मिळाली आहे की नाही याची मला खात्री होईना, आणि मी इकडेतिकडे पाहू लागलो. मामी बांधावर बसलेल्या होत्या. त्या उठल्या, हात कोपरापर्यंत घातला, वर काढून मला दाखवला आणि लुगड्याला पुसला. मग गंधक चोळलेले बी चाड्यावर आणून ठेवले आणि मोघा दोरीला बांधू लागल्या. मी म्हणालो, मामी, या वर्षी तुम्ही नको. त्या म्हणाल्या, “करडई कोण सोडणार? तुम्हाला दोन्ही यायचं न्हाई.”

पहिल्या दोन तासांत माझी मूठ आवळली गेली. उगवण आता दिसू लागली आहे आणि ती दोन तासे बांधावरूनही ओळखू येतात. पहिली कोळपणी पुढच्या आठवड्यात धरली आहे. निवृत्त कृषी सहायकांनी आठव्या आठवड्यातल्या कोळपणीविषयी जे विचारले, त्याचे उत्तर असे की मामा ती दर वर्षी करत, आणि त्या दिवसांत मी कडब्याचे भाव पाहण्यासाठी बाजार समितीत असे. दातेरी कोळप्याचे दोन दात मोडलेले निघाले. ते नवे बसवायला सुताराकडे टाकले आहे.